ज्याचा बिल्ला त्यानं काढायचा

आमचे गजभिये काका बागेत फिरायला जातात, तेव्हा आत पाय ठेवण्याआधी फाटकाशेजारच्या कठड्याला स्वतःच्या नावाचा बिल्ला अडकवतात. पत्र्याचा, गोल, लाल रंगाचा. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं : 'गजभिये. माणूस आत आहे.' फिरून बाहेर आले की बिल्ला काढून खिशात घालतात आणि मगच घराकडं वळतात. आता बाग म्हणजे काही खाण नव्हे. नागपुरातली भलीमोठी सार्वजनिक बाग आहे ती. तलाव आहे, गाण्यावर नाचणारं कारंजं आहे, पोरांच्या घसरगुंड्या आहेत, फाटकाबाहेर भेळवाले आहेत. आत गेलेला माणूस फार तर डास चावून घेऊन परत येतो. पण हे काकांना समजावायला जाऊ नये. मी एकदा गेले होते, तर माझंच शिक्षण होऊन बसलं.

काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते, बॉयलरच्या देखभालीवर. आख्खी नोकरी तिथं गेली. बॉयलर दुरुस्तीसाठी बंद केला की माणसं एका भोकातून आत शिरतात. आत काळोख आणि राख, बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. म्हणून त्यांच्या पाळीत रीत होती : आत जाणाऱ्यानं तोंडाशी आपला बिल्ला लटकवायचा. बिल्ला आहे तोवर झाकण लागणार नाही, मग साहेब येवो की साहेबाचा साहेब. आणि बाहेर आल्यावर बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा. मित्रानं नाही, हेल्परनं नाही, "तो येऊनच राहिला मागून" असं म्हणणाऱ्यानं तर नाहीच नाही.

"दुसऱ्यानं बिल्ला काढला ना सुनबाई," काका मला म्हणाले, "तं समज का त्यानं माणसाले जित्तं गाडलं."

"काका, मी बागेत चालली, बॉयलरमधी नाही."

"बागेले फाटक आहे का नाही?"

"आहे."

"संध्याकाळी कुलूप लागते का नाही?"

"लागते."

"मंग?"

या 'मंग'पुढं माझं आजवर काही चाललेलं नाही. मला ते 'सुनबाई' म्हणतात, कारण मी त्यांच्या बिल्डिंगमधल्या मालतीबाईंची सून. नवऱ्याची नोकरी चंद्रपुरात. माझी बदली गेल्या वर्षी नागपूरला झाली, तेव्हापासून धरमपेठेतल्या या घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच असतो. तळमजल्यावर काका एकटे. शकुंतला काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मी यायच्या आधीच गेल्या. हार्टअटॅकनं, एवढंच आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला सांगितलं होतं.

दिवाळीला लोक एकमेकांकडं फराळाची ताटं पाठवतात. काकांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या फिरणाऱ्यांना बिल्ले पाठवले. घरी पत्रा कापून, कडा घासून, ज्याच्या-त्याच्या नावानिशी रंगवून. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण बिल्ल्याबरोबर अनारसेही होते. मी माझा पर्सच्या तळाशी टाकला. आईंनी मात्र तो उलटसुलट करून पाहिला आणि गॅलरीतून खाली हाक मारली.

"गजभिये भाऊ, ह्याच्यावर माझं वय काहून नाही लिवलं? हरवलेल्या म्हातारीचं वय लिवा लागते."

आई जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढलेल्या. तिथल्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून एकमेकांची रेवडी उडवत लहानाच्या मोठ्या झाल्या. काका म्हणजे त्यांना आयतं गिऱ्हाईक. पण रोज संध्याकाळी बागेत जायच्या त्या काकांच्याच टोळक्याबरोबर, आणि नाक मुरडत का होईना, बिल्लाही अडकवायच्या.

बिल्ल्यानं भागलं असतं तर गोष्ट वेगळी. बाग बंद व्हायची वेळ झाली की काकांचा दुसरा कार्यक्रम सुरू होतो. बागेला लोखंडी पाइपचा कठडा आहे. फाटकापासून निघून तलावाला वळसा घालून तो पार मागच्या रोपवाटिकेपर्यंत जातो. टोळकं घरी निघालं की काका म्हणतात, "तुमी चाला समोर, मी एक चक्कर मारून येतो." मग ते काठी घेऊन एकटेच निघतात आणि थोड्या थोड्या अंतरावर कठड्यावर काठीचे तीन ठोके देतात. ठोके देऊन कान पाइपला लावतात आणि डोळे मिटून थांबतात. बॉयलरचं झाकण लावण्याआधी असंच करायचे म्हणे. ठोका मारायचा, थांबायचं, आतून ठोका आला नाही तरच झाकण. शेवटचे ठोके फाटकाशी. त्या वेळी कुणी गाडी सुरू केली की काका डोळे न उघडता काठी वर करतात. "ऐकू द्या, ऐकू द्या." ऑफिसातून दमून आलेली मी आईंना घ्यायला स्कूटर घेऊन फाटकाशी उभी, पोटात भुकेचा आगडोंब, आणि हे गृहस्थ पाइप ऐकताहेत. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं असेल ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्याचा खरा जाच होता तो दिलीपला. दिलीप म्हणजे फाटकावरचा चौकीदार. बिचाऱ्याला वेळ झाली की फाटकाला कुलूप घालून, कुलपाचा फोटो काढून सुपरवायझरच्या ग्रुपवर टाकावा लागतो. फोटोला उशीर झाला की ग्रुपवर सगळ्यांदेखत पाणउतारा. आणि काकांचा नियम असा की कठड्यावर एक जरी बिल्ला असला तरी कुलूप घालू द्यायचं नाही.

"काकाजी, तुमचा बिल्ला का सरकारनं देला का?" दिलीप वैतागून विचारायचा.

"तुह्यं कुलूप सरकारनं देलं ना? मंग माणूस सरकारचा नाही का गा?"

एकदा आमच्या शेजारचे पाठक सर बिल्ला काढायचा विसरून घरी गेले. काकांनी फाटक अडवून धरलं, दिलीपनं टॉर्च घेऊन बाग पालथी घातली, आणि सर घरी लुंगीवर बसून पोहे खात होते. बरं, ते घरी आहेत हे फोनवर कळल्यावर तरी संपावं? नाही. ज्याचा बिल्ला त्यानं काढायचा. सरांना लुंगीवरच रिक्षात घालून आणलं, त्यांनी तोंड फिरवून बिल्ला काढला, मग कुलूप लागलं. ही हकिकत ऐकून आईंना एवढा आनंद झाला की पुढच्याच आठवड्यात त्या मुद्दाम बिल्ला ठेवून परस्पर भाजीला निघून गेल्या. काका आणि दिलीप बागभर "मालतीबाई, मालतीबाई" करत हिंडले. तासाभरानं आई मेथीची जुडी घेऊन फाटकाशी हजर झाल्या.

"सापडली का म्हातारी?" त्यांनी विचारलं.

काका हसले नाहीत. काठीनं बिल्ल्याकडं खूण केली. त्या दिवशीच्या उशिराबद्दल दिलीपला सुपरवायझरनं शेवटची ताकीद दिली : पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नको. तेव्हा आईंनाही वाईट वाटलं. त्यांनी दिलीपच्या घरी तिळाचे लाडू पाठवले, पण ताकीद काही लाडवांनी परत जात नाही.

हे झालं संक्रांतीच्या आसपास. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती संध्याकाळ आली.

थंडी होती आणि लवकर अंधारलं होतं. मी ऑफिसातून नेहमीसारखी फाटकाशी आले तर टोळकं केव्हाच पांगलेलं. फाटकाचं एक दार लागलेलं. दुसरं दार दिलीप ओढत होता आणि त्या दारात काका काठी आडवी धरून उभे होते.

"सुनबाई, वैनी घरी पोचल्या का?" त्यांनी मला पाहताच विचारलं.

मी कठड्याकडं पाहिलं. आईंचा बिल्ला तिथंच लटकत होता.

मला आधी राग आला. म्हटलं, पुन्हा सुरू झाला यांचा खेळ. मी आईंना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग पाठक सरांच्या घरी लावला. मी आईंचा फोन पुन्हा लावला, तोवर सर जिना चढून बघून आले. आमच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून फोन वाजल्याचा आवाज येत होता. म्हणजे फोन घरीच विसरल्या होत्या.

"पाहा मॅडम," दिलीप म्हणाला, "आजी भाजीले गेली असन. मागच्या खेपेले हेच केलं होतं. मी आतून एक राउंड मारून आलो, कुत्र्याशिवाय कोणी नाही आत." त्याचा मोबाइल टिंग वाजला. त्यानं पाहिला आणि मला दाखवला. ग्रुपवर सुपरवायझरचा एकच शब्द होता, 'फोटो?'

मला दिलीपचं पटत होतं. आईंचा स्वभाव मला ठाऊक. मी भाजीबाजाराकडं जायला स्कूटर वळवलीसुद्धा.

"वैनी भाजीले नाही गेल्या," काका म्हणाले.

"कशावरून?"

"मागच्या खेपेनंतर त्यायनं मले शब्द देला. भाऊ, पुन्हा असं नाही करणार म्हणे. अन् त्या दिवशी त्या हासल्या नव्हत्या."

आई न हसता बोलल्या, हे ऐकून मी इंजिन बंद केलं. आई न हसता बोलतात ते फक्त खरं बोलताना. मी स्कूटर स्टँडवर लावली.

आईंना साखरेचा त्रास. संध्याकाळची गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं, नाहीतर घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. मागं एकदा स्वयंपाकघरात अशाच खाली बसल्या होत्या. त्या वेळी मी शेजारी होते. इथं एवढ्या मोठ्या बागेत त्या कुठं बसल्या असतील, कुणाला दिसल्या असतील, काही कळेना.

"काकाजी, बाजूले व्हा," दिलीप आता हात जोडत होता. "माह्या घरी दोन पोट्टे आहेत. नोकरी जाईन माही."

काकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग खिशातून स्वतःचा बिल्ला काढला, जो त्यांनी नुकताच काढून ठेवला असणार, आणि पुन्हा कठड्याला अडकवला.

"आता मी बी आत आहो. लाव कुलूप."

दिलीपचा हात कडीवर तसाच राहिला. काका आत निघाले. मी त्यांच्यामागं धावले, तर त्यांनी काठी आडवी घातली.

"बिल्ला."

"काका, आत्ता?"

"पहिले बिल्ला लाव. मंग ये."

मी त्या क्षणी त्यांना ओरडून बोलले. म्हटलं, माझी सासू तिथं कुठं पडली असेल आणि तुम्हाला तुमच्या पत्र्याची पडलीय. ते हलले नाहीत. शेवटी फाटकातल्या दिव्याखाली मी पर्स उपडी केली. कंगवा, गोळ्या, बिलं, चिल्लर, सगळं जमिनीवर, आणि तळाशी दिवाळीपासून पडलेला तो लाल बिल्ला. तो कठड्याला अडकवला. काकांनी काठी काढली.

आत कारंज्याचा शेवटचा खेळ चालू होता. बघायला कुणी नव्हतं, पण भोंग्यांवरून गाणी वाजत होती आणि पाणी लाल-निळं होऊन उडत होतं. त्या गोंगाटात मी आईंना हाका मारत होते आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. काका तलावाकाठच्या बाकाकडं निघाले. "वैनी तिथंच असन. दम लागला का तिथंच बसते." ते अगदी खात्रीनं चालले होते. बाकावर कुणी नव्हतं. काका बाकापुढं उभे राहिले आणि त्यांनी बाकावरून हात फिरवला, जसं काही नीट पाहिलं नसेल म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मी खरी घाबरले. काकांना सगळं ठाऊक असतं याचा मला वर्षभर राग होता, आणि आता त्यांना ठाऊक नाही हे मला नको होतं.

तलावाच्या काठाला कठडा होता, पण पलीकडं पाणी काळं दिसत होतं. मी तिकडं पाहायचं टाळत होते.

काकांनी कठड्यावर तीन ठोके दिले, कान लावला. काही नाही. पुढं जाऊन पुन्हा दिले. तिथंही नाही.

"ह्या गाण्यात काय ऐकू येईन?" ते पुटपुटले. "मघा चक्कर मारली तवा बी गाणंच सुरू होतं. पहिले आवाज बंद झाला पाह्यजे."

आणि गाणं बंद झालं. मधेच, कडवं अर्धं असताना. पाणी खाली बसलं, दिवे गेले. मी मागं वळून पाहिलं, तर कारंज्याच्या खोलीतून दिलीप बाहेर येत होता. खिशात त्याचा मोबाइल टिंग टिंग वाजत होता. त्यानं तो काढला आणि बंद करून टाकला.

"ठोका काकाजी," तो म्हणाला.

एवढी मोठी बाग इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. काकांनी ठोके दिले. टण, टण, टण. डोळे मिटून पाइपला कान लावला. आम्ही दोघं श्वास धरून उभे. मग काकांनी एक बोट वर केलं आणि मला जवळ बोलावलं. मी कान लावला. पाइप बर्फासारखा गार होता. आधी काहीच नाही. मग लांबून, अगदी बारीक, टण... टण... टण.

"आपलाच आवाज परत येऊन राहिला का?" दिलीपनं विचारलं.

काकांनी पुन्हा तीन ठोके दिले. या वेळी तिकडून तीन आले नाहीत. टणटणटणटण, थांबायचं नावच नाही, एखाद्यानं चिडून दार वाजवावं तसे. मी रडायला लागले. तो राग माझ्या सासूबाईंचाच होता, दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

आम्ही कठडा धरून पळत सुटलो. काका मधून मधून ठोका द्यायचे, तिकडून उत्तर यायचं, प्रत्येक वेळी जरा मोठं. कठडा संपतो तिथं रोपवाटिका आहे, त्याचा शेवटचा पाइप तिच्या आत जातो. तारेचं कुंपण, हिरवी जाळी, लोखंडी दार, आणि दाराला बाहेरून कुलूप. माळी संध्याकाळी दार लावून निघून गेला होता. जाळीमागून आवाज आला.

"इतका वेळ काहून लावला गा?"

किल्ली माळ्याकडं. दिलीपनं इकडं तिकडं पाहिलं, एक मोठा दगड उचलला आणि कुलूप फोडलं. रोज ज्यानं कुलूप लावायचं, त्याच्या हातून कुलूप फुटलं. आत जाळीच्या आडोशाला, शेणखताच्या पोत्यांवर आई बसल्या होत्या. एक पाय सुजून टम्म झालेला. हातात माळ्याची झारी, तिची तोटी ठोकून ठोकून वाकलेली. आणि पदरात बोरं. रोपवाटिकेच्या मागच्या कोपऱ्यात बोरीचं झाड आहे, त्याची आंबटगोड बोरं त्यांना डॉक्टरांनी मना केलेली. ती आमच्यापासून चोरून वेचायला म्हणून त्या आत शिरल्या, शेवाळावरून पाय घसरला, आणि त्या हाका मारत असताना कारंज्याची गाणी सुरू झाली. माळ्यानं काही ऐकलं नाही.

"आई, चक्कर तर नाही ना आली?"

"बोरं खाल्ली ना," त्या म्हणाल्या. "तुह्या डॉक्टरले सांग, बोरानंच जीव वाचला माहा."

काका कुंपणाला टेकून उभे होते. धापा टाकत. "वैनी," ते म्हणाले, "नर्सरीचा बिल्ला वेगळा लागते."

आई हसल्या नाहीत. "मले माहीत होतं गजभिये भाऊ," त्या म्हणाल्या. "बिल्ला लटकून आहे तोवर तुमी काही घरी जात नाही. म्हून मी झारी हातात धरूनच बसली होती."

आता त्यांना बाहेर न्यायचं. रोपवाटिकेला लागूनच बागेचं मागचं फाटक आहे आणि त्यापलीकडं रस्ता. दिलीपजवळ त्या फाटकाची किल्ली होती. तो म्हणाला, ऑटो इथंच बोलावतो, चार पावलांचं काम. मी हो म्हणाले. एवढ्यात काका मध्ये आले.

"मागच्या फाटकानं नको."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काका, त्यांचा पाय पाहा."

"बिल्ला समोर आहे. समोरच्या फाटकानं न्या. मागच्या फाटकानं नेऊ नका." ते दिलीपच्या वाटेत उभे राहिले. "हात जोडतो सुनबाई. मागच्यानं नको."

माझा संयम संपला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर आईंनी माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

"समोरच्यानंच न्या मले," त्या म्हणाल्या. "मले काही घाई नाही."

माळ्याची एकचाकी गाडी होती, खत वाहायची. तिच्यात पोतं अंथरून आम्ही आईंना बसवलं. दिलीप ढकलत, मी एका बाजूनं धरून, काका पुढं काठी घेऊन, अशी ती वरात अख्ख्या बागेला वळसा घालून निघाली. आई गाडीत पदरातली बोरं सांभाळत होत्या आणि वाटेत त्यांनी दिलीपला दोन खायला दिली. चाकाचा कुरकुर आवाज तेवढा होत होता.

फाटकाशी आल्यावर गाडी कठड्याजवळ नेली. आईंनी हात लांबवून स्वतःचा बिल्ला काढला. मी माझा काढला. काकांनी त्यांचा. तरीही कठड्यावर एक बिल्ला उरला.

तो मी रोज पाहत होते. बोगनवेलीच्या फांदीआड, ऊन-पावसानं लाल रंग उडून गुलाबी झालेला. मला वाटायचं, काकांचाच एखादा जुना बिल्ला असेल. मागं कठड्याला नवा हिरवा रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यानं त्याच्याभोवतीनं ब्रश फिरवला होता. त्यामागं जुन्या रंगाचा गोल तसाच राहिला होता. आईंनी त्या बिल्ल्यावर बोटं ठेवली.

"शकुंतला, येतो वं," त्या म्हणाल्या. बिल्डिंगच्या जिन्यात दोघी निरोप घ्यायच्या, त्या आवाजात.

मग मला ऑटोत बसल्यावर आईंनी सांगितलं. शकुंतला काकू बागेतच गेल्या. चालता चालता रोपवाटिकेजवळ छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स मागच्या फाटकाला लागली, तिकडूनच नेलं. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी काका पुढच्या फाटकाशी आले, स्वतःचा बिल्ला काढला आणि काकूंच्या बिल्ल्यासमोर उभे राहिले. दिलीप म्हणाला, काकाजी, मी काढून देऊ का? काका म्हणाले, नाही. तिचा आहे. तिनंच काढायचा असते.

"मंग ते ठोके?" मी विचारलं.

आई बाहेर पाहत होत्या. "बिल्ला आहे तोवर त्यायच्या हिशोबानं ती आतच आहे ना वं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. माझी सासू मी तोवर रडताना पाहिली नव्हती.

दिलीपची नोकरी राहिली. आईंनी पायाला प्लास्टर असताना सुपरवायझरला फोन लावून असं काही झापलं की त्यानंच दिलीपची माफी मागितली. आता कुलूप लावण्याआधी दिलीपसुद्धा बिल्ले पाहतो. त्या गुलाबी बिल्ल्याला हात लावत नाही आणि कुलूप घालतो, आणि काका त्याला अडवत नाहीत. काठी टेकत आई पुन्हा फिरायला जाऊ लागल्या आहेत. नव्या येणाऱ्यांना बिल्ला लावायला त्याच दरडावतात.

मी अजून ऑफिसातून येऊन फाटकाशी थांबते. टोळकं बाहेर येतं, आपापले बिल्ले काढतं. काका म्हणतात, "तुमी चाला समोर, मी एक चक्कर मारून येतो." लांबून काठीचे ठोके ऐकू येत राहतात, मग जवळ येतात. शेवटचे तीन फाटकाशी. काका डोळे मिटून कठड्याला कान लावतात. पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, किंवा आता मला तसं वाटतं. आई मागच्या सीटवर बसलेल्या असतात, मला भूक लागलेली असते, आणि ते डोळे उघडेपर्यंत मी गाडी सुरू करत नाही.